गजभिये मॅडमची फळी

गजभिये मॅडम पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा त्यांनी भाव विचारला नाही. "भाऊ, या शीटवर मी उभी राहू का?" असं विचारलं.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेला लागून माझं प्लायवूडचं दुकान आहे. कपाट, पलंग, दुकानाचं काउंटर, असल्या कामांसाठी माणसं येतात. कुणी शीटवर हात फिरवतं, कुणी बोटांनी वाजवून पाहतं, कुणी चक्क वास घेतं. उभं राहण्याची परवानगी आजवर कुणी मागितली नव्हती. मी वर पाहिलं. पन्नाशीच्या बाई, अंगावर साधी सुती साडी, पायात लेस बांधलेले बूट, नाकावर जाड काड्यांचा चष्मा.

"उभ्या राहा ना. पण कायले?"

त्या सरळ मागे गेल्या. दुकानामागच्या ढिगातून स्वतःच विटा उचलून आणल्या, शीटच्या दोन टोकांखाली ठेवल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. शीट वाकली. "हे नाही. याच्याहून जाड." दुसरी कमी वाकली, पण त्यांनी जरा अंग हलवताच करकरली. तिसरीवर त्या उभ्या राहिल्या, झोक्यावर बसल्यासारख्या दोनदा खालीवर झाल्या आणि म्हणाल्या, "हे चालन."

"कपाटाले पाहिजे का मॅडम?"

"नाही. गाडीच्या हनुवटीले."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. बाहेर त्यांची जुनी पांढरी हॅचबॅक उभी होती. तिच्यासमोर त्यांनी मला उकिडवं बसवलं आणि बंपरखालच्या मोकळ्या जागेत हात घालून दाखवलं. तिथे जमिनीला समांतर, जिभेसारखी पुढे निघालेली फळी बसवायची होती. शर्यतीच्या गाड्यांना असते तशी. तिला स्प्लिटर म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"कालव्याचं गेट अर्धं खाली सोडलं की का होते भाऊ?" त्यांनी विचारलं. "गेटच्या समोर पाणी चढते, अन् खालच्या फटीतून पळत सुटते. हवेचं बी तसंच. गाडी जोरात चालली की बंपरसमोर हवा तुंबते. ते तुंबलेली हवा या फळीच्या डोक्यावर बसते. खालून पातळ हवा पळत जाते. वरून दाब, खालून ओढ. गाडीचं तोंड जमिनीले चिकटून राहते, मंग वळणावर समोरचे चाकं घसरत नाहीत."

"एवढं हवेनं होते?"

"हवा फुकट हाय भाऊ. फक्त तिले कामाले लावाव लागते."

मॅडम मूळच्या पवनी तालुक्यातल्या कोंढ्याच्या. वडील शेती करायचे. शिकून त्या पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाल्या आणि सगळी नोकरी कालव्यांवर काढली. गाडी चालवायला शिकल्या त्याही कालव्याच्या पाळीवरच, खात्याच्या जीपवर. ड्रायव्हर सुटीवर गेला की त्याची वाट पाहत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, मध्ये जीप मावेल एवढीच वाट. "तिथं चुकली असती तं पाण्यात नाहीतर चिखलात," त्या सांगायच्या, "म्हणून चुकलीच नाही."

नोकरी त्यांनी मुदतीआधीच सोडली. मुलगी बंगळुरूला होती, तिच्याकडे काही दिवस राहायला गेल्या. मुलीच्या ऑफिसातली पोरं दक्षिणेतल्या एका रेस ट्रॅकवर जायची. तिथे ठरलेल्या दिवशी कुणीही आपली गाडी नेऊन, हेल्मेट घालून, नियम शिकून चालवू शकत असे. मुलीने आईला गंमत दाखवायला नेलं. आईने थोडा वेळ गंमत पाहिली आणि हेल्मेट मागितलं.

तिथून परत आल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या ते वाक्य मला गजभिये सरांनीच सांगितलं. "अजी, मले आजपर्यंत कोणी पुरी गाडी चालवूच नव्हती देल्ली."

सर भंडाऱ्याला शाळेत इतिहास शिकवायचे. शांत माणूस. त्यांच्या स्वतःच्या गाडीने चाळीसचा आकडा ओलांडलेला शहापुरात कुणी पाहिला नव्हता. बायकोचं हे वाक्य ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला म्हणे, आणि घरातली जुनी गाडी तिच्या नावावर सोडून दिली.

तर त्या गाडीसाठी फळी निवडण्याचं काम सुरू झालं. आम्ही गिऱ्हाइकं पाहिलेली. पसंतीला फार तर एक दुपार जाते. मॅडमनी त्यात अख्खा ऋतू घालवला. घराच्या व्हरांड्यात पाण्याने भरलेला टब ठेवला आणि त्यात माझ्याकडच्या प्रत्येक प्रकारच्या प्लायचा तुकडा बुडवून ठेवला. वर दगड. येणारे-जाणारे विचारायचे, "मॅडम, कायचं लोणचं घातलं?" त्या तुकडा काढून त्याची कड चिमटीत धरून दाखवायच्या, "हे पाहा, फुगून राहिला. कडेनंच पाणी पिते हे. कड बंद केली पाहिजे." दुकानांच्या पाट्यांना लावतात तो ॲल्युमिनियमचा पत्राही त्यांनी नेला. तो हलका होता, पण एकदा वाकला की सरळ होईना. मुलीने फोनवर कार्बन फायबरचं सुचवलं. वजनाला काहीच नाही, मजबूत, दिसायलाही देखणं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "चांगलंच असन. पण मोडलं तं इथं कोण देईन? जे शहापुरात मिळत नाही, ते माह्या गाडीले लावाचं नाही."

हवा बंपरवर नेमकी कुठे तुंबते आणि कुठून बाजूला वळते, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी लाल लोकरीचे बोटभर तुकडे कापून गाडीच्या सगळ्या तोंडावर चिकटपट्टीने लावले. एका रविवारी सकाळी हायवे मोकळा असताना त्या ती गाडी चालवणार, सर आपल्या गाडीने शेजारून जाणार, आणि सरांच्या बाजूला बसून मी मोबाइलवर त्या लोकरीचं चित्रण करणार, असा बेत होता. निघण्याआधीच चहाच्या टपरीवरच्या एकाने विचारलं, "वरात कुठची हाय?" दुसऱ्याने नजर उतरवण्याचा हा नवा प्रकार समजून हात जोडले.

रस्त्यावर वेगळीच पंचाईत. मॅडम पुढे आणि सर मागे. फोन चालूच होता.

"अजी, ऐंशीवर या! शेजारी या!"

"येऊनच राहिलो." काटा पन्नासवर होता. सरांच्या कपाळावर घाम.

"तुम्ही पन्नासवर हाय. मले इथून समजते."

"शालू, मांगून ट्रक येऊन राहिला."

"तो मांगूनच राहीन. तुम्ही या."

सर आले. कसेबसे साठावर आले आणि मॅडमनीच आपला वेग कमी केला. मी काच खाली करून चित्रण केलं. बंपरच्या मध्यावरची लोकर गोंधळल्यासारखी जागच्या जागी फडफडत होती. कोपऱ्यांवरची ताठ होऊन बाजूला निघाली होती. संध्याकाळी मॅडमनी ते चित्रण टीव्हीवर लावून पुन्हा पुन्हा पाहिलं. सर मात्र त्या दिवशी लवकर झोपले.

यानंतर गाडी रस्त्यावरची राहिली नाही. मागच्या सीटा निघाल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसला. तुमसरचे पटले शेठ मॅडमना कालव्याच्या दिवसांपासून ओळखत. त्यांची राइस मिल. मिलचं मोठं सिमेंटचं अंगण हंगाम नसला की रिकामं असायचं, तिथे मॅडम गाडी हळूहळू फिरवून तपासायच्या. शेठचे तांदळाचे ट्रक दक्षिणेत जायचे. त्यातल्याच एकावर पुढे पोती आणि मागे ताडपत्रीखाली गाडी, अशी ती ट्रॅकवर जायची.

फळी कशाला जोडायची यावर वेल्डरशी त्यांचं चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, बंपरलाच स्क्रू मारू, काम सोपं. मॅडम म्हणाल्या, "बंपर प्लास्टिकचा हाय. तो गाडीचा नुसता चेहरा. वजन चेहऱ्यावर नाही टाकाव, हाडावर टाकाव." मग गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापासून दोन पट्ट्या काढल्या, त्यांवर फळी बसवली, आणि पुढची कड लोंबू नये म्हणून वरून आधाराच्या दोन सळ्या दिल्या. काम झाल्यावर मला बोलावणं आलं. माझं वजन शहापुरात प्रसिद्ध आहे. मला फळीवर उभं केलं. गाडीचं नाक खाली बसलं, फळी तसूभरही वाकली नाही. मॅडम माझ्याकडे न पाहता फळीकडे पाहत म्हणाल्या, "शाब्बास."

ती पहिली फळी त्यांच्या स्वतःच्या फाटकावर मोडली. ट्रकवर चढवायला गाडी बाहेर काढताना फाटकाच्या उतारावर तिचं नाक टेकलं आणि फाटकन आवाज झाला. मला वाटलं, आता बाई रडणार. त्या उकिडव्या बसल्या, मोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "मोडली तं मोडली. कुठून मोडली ते सांगून राहिली ना ते." त्याच दिवशी माझ्याकडून त्याच मापाची दुसरी कापून नेली. मिलमधून बाद झालेला जाड रबरी पट्टा आणून त्याच्या चिंध्या फळीच्या खाली लावल्या, म्हणजे घासलं तर रबर घासेल, लाकूड नाही. फाटकाच्या उतारावर टाकायला दोन लांब पाट माझ्याकडून नेले. पुढे कुठेही जाताना त्या आधी गाडीतून उतरून जमीन पाहायच्या, मग पाट टाकायच्या, मग गाडी. फळी लावलेल्या गाडीसोबत राहायचं म्हणजे घरात तान्हं मूल असल्यासारखं असतं, असं सर मला म्हणाले होते. सगळं घर तिच्या उंचीवरून जग पाहायला लागतं.

फळी पुढे किती काढायची, हा प्रश्न मात्र त्यांनी घाईने सोडवला. आयुष्यात त्यांनी घाईने केलेली मला माहीत असलेली ती एकच गोष्ट. वीतभर काढली. जितकी मोठी जीभ तितका दाब जास्त, हे खरंच होतं.

ट्रॅकवर दुपारी एका लांब वळणावर गाडीचं तोंड सुरीसारखं आत वळलं आणि मागचा भाग सुटला. गाडी गरगर फिरत टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. पिंजऱ्याने आणि सीटच्या पट्ट्यांनी जीव वाचवला. खांद्याजवळचं हाड मोडलं. सरांना फोन आला तो तिथल्या कुण्या अनोळखी माणसाचा. वर्गात होते. खडू हातात तसाच घेऊन ते स्टेशनवर गेले.

त्यानंतर पंधरवड्याने सर माझ्या दुकानात आले. एकटे. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"भाऊ, ती येईन. प्लाय मागन. तुम्ही देऊ नका."

"सर, मी नाही देल्ली तं भंडाऱ्याहून आणतीन त्या."

"आणू द्या. पण तुमच्यावर तिचा भरवसा हाय. तुम्ही नाही म्हणसान तं घडीभर थांबन." ते बाहेर हायवेकडे पाहत राहिले. "मी तिले कधी नाही म्हटलं नाही. आता बी तोंडानं म्हणता येत नाही. पण मले तिच्यासोबत म्हातारं व्हाचं हाय भाऊ. एवढंच हाय बाकी."

मी त्यांना पाणी दिलं. खोटं बोलणं मला जमणार नव्हतं, म्हणून सांगितलं, "सर, त्या आल्या तं मी सांगीन, तुम्ही आले होते." त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. मला वाटतं, त्यांना तेच हवं होतं.

मॅडम आल्या, हात झोळीत बांधलेला. आल्या आल्या बोलायला लागल्या. "फळीची चूक नाही, माही हाय. समोरून एवढं धरलं की मांगून सुटलं. तोंड वळलं अन् बूड बाहेर सरकत गेलं. कालव्याचं समोरचंच गेट पाहत बसली, मांगचं पाहिलंच नाही. आता चार बोटंच बाहेर काढीन. अन् मांगं डिकीवर लहानशी विंग लावीन, पंखासारखी आडवी पट्टी, तिकडं बी दाब पाहिजे. मांगचं जेवढं झेपन, तेवढंच समोर घ्याचं."

"मॅडम, सर आले होते."

त्या थांबल्या. "का म्हणत होते?"

मी शब्दाला शब्द सांगितलं. म्हातारं होण्याचं वाक्यसुद्धा. मॅडम विटांच्या ढिगावर बसल्या. चष्मा काढला, एका हाताने पदराने पुसायला गेल्या, जमेना. तसाच मांडीवर ठेवला.

"मले नाही म्हणाले ते हे."

 मग उठल्या. "फळी कापून ठेवा भाऊ. नेईन तवा नेईन." आणि फळी न घेताच गेल्या.

मी फळी कापली, कडा बंद केल्या, काळा रंग दिला आणि भिंतीला लावून ठेवली. हात झोळीतून निघाला, थंडी आली, मिलचा हंगाम सुरू झाला, तरी मॅडम आल्या नाहीत. गाडी घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. रस्त्याने भेटल्या तर तब्येतीचं बोलायच्या, गाडीचं नाही. त्यांना इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेवढ्यावरून मला कळत होतं की त्यांनी सोडून दिलेलं नाही.

हंगाम संपता संपता दोघं सोबत आले. बोलले सर.

"ही म्हणते, एकदा चाला. ट्रॅकच्या भिंतीच्या अलीकडं उभे राहून सगळं पाहा. पाहून झाल्यावर नाही म्हटलं तं गाडी विकून टाकीन, अन् परत नाव काढणार नाही. मी हो म्हटलं." मग माझ्याकडे पाहून, "तुम्ही बी चाला भाऊ. मले एकट्यानं पाहाले जमणार नाही."

मॅडम पुढे झाल्या. भिंतीला टेकवलेली फळी उचलली, कडेवरून बोट फिरवलं आणि काखेत धरली.

नवी फळी आणि डिकीवर विंग बसवून गाडी पटले शेठच्या ट्रकने गेली, आम्ही रेल्वेने. वाटेत सरांनी फारसं खाल्लं नाही. मॅडम खिडकीपाशी बसून शेतं पाहत होत्या. त्यांचं काय पणाला लागलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कुणाला कळलं नसतं.

ट्रॅकवर बहुतेक सगळी तरुण मुलं होती. चकचकीत गाड्या, चकचकीत स्प्लिटर. एका पोराने मॅडमच्या गाडीखाली वाकून पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, हे कशाचं आहे? "प्लायवूड," मॅडम म्हणाल्या, "फ्रॉम शहापूर." त्याला शहापूर कुठे ते माहीत नव्हतं, पण त्याने आदराने मान हलवली आणि मॅडमना गाडी बाहेर काढायला मदत केली.

आम्ही भिंतीच्या अलीकडे उभे राहिलो. सरांनी कठड्याचा पाइप दोन्ही हातांनी धरला होता. पांढरी गाडी समोरून जायची तेव्हा ते डोळे मिटायचे.

"गेली?"

"गेल्या सर."

मग डोळे उघडायचे. वर मोठ्या पडद्यावर प्रत्येक फेरीची वेळ येत होती, आणि मॅडमचं नाव हळूहळू वर सरकत होतं. आधीच्या कुठल्याही वेळेपेक्षा त्या चांगल्या चालल्या होत्या, हे मलासुद्धा कळत होतं. सर डोळे मिटायचे विसरायला लागले होते.

आणि अचानक, सगळ्यात चांगली फेरी चालू असताना, गाडी ट्रॅक सोडून आत, आम्ही उभे होतो त्या बाजूला आली. कुणी बोलावलं नव्हतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. मॅडम उतरल्या, हेल्मेट काढलं.

"समोरून हलकी लागून राहिली. स्टेअरिंगले वजन नाही."

खाली वाकून पाहिलं तर डाव्या सळीला धरणारी पट्टी चिरली होती. फळी त्या बाजूला जराशी, अगदी जराशी, लोंबत होती. मघाचा पोरगा धावत आला. हळहळून म्हणाला, "मॅडम, अजून एक फेरी काढली असती तर..."

"अशी एकच पुरे असते बेटा," मॅडम म्हणाल्या आणि पान्हा शोधायला लागल्या.

सर शेजारीच उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग त्या चिरेकडे. नंतर त्यांनी पँट वर ओढली, पांढऱ्या शर्टासकट तिथे जमिनीवर आडवे झाले आणि गाडीखाली डोकं घातलं. इतक्या दिवसांत त्या गाडीबद्दल त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मी तिथे ऐकला.

"हे काहून चिरलं शालू?"

मॅडमही बाजूला आडव्या झाल्या. वळणाच्या कडेला रंगवलेल्या उंचवट्यावर चाक चढलं की धक्का या पट्टीत येतो, ती आणखी जाड हवी होती, हे त्यांनी समजावून सांगितलं. जादा पट्टी त्यांनी सोबत आणलेली होतीच. पण खांद्यात अजून जोर नव्हता, बोल्ट आवळला जाईना. सरांनी पान्हा घेतला.

"किती आवळू?"

"हात थांबतेपर्यंत. मंग अजून थोडं."

दुपारच्या फेऱ्यांना मॅडम पुन्हा निघाल्या. मागच्या वेळी जिथे गाडी फिरली होती ते लांब वळण आम्हाला तिथून दिसत होतं. पांढरी गाडी वळणात शिरली. मागचा भाग किंचित हलला.  गाडी हलली, सावरली, आणि जमिनीला धरून वळणातून बाहेर पडली. सरांचे डोळे उघडे होते.

"धरली तिनं," ते म्हणाले.

मॅडम पहिल्या आल्या नाहीत. पोरांच्या गाड्या त्यांच्या पुढे होत्या आणि त्यांच्या मागेही बऱ्याच होत्या. स्वतःची आधीची वेळ मात्र त्यांनी पार मागे टाकली. गाडी उभी केली, उतरल्या, केस कपाळाला चिकटलेले. सरांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"बोला."

सरांच्या शर्टावर तेलाचा मोठा डाग पडला होता. ते त्याच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता नाही म्हणतात.

"कुण्या अनोळखी माणसाचा फोन नाही आला पाहिजे मले," सर म्हणाले. "तू जाशीन तिथं मी येईन. जे मोडन ते मले आधी सांगाचं. फळी असो का हाड."

"सांगीन."

"अन् आज केलं तसं कराचं. हलकी लागली की आत याचं. पडद्यावर काही का लिहून असो."

मॅडमनी मान हलवली. मग पहिल्यांदाच मी त्यांना डोळे पुसताना पाहिलं. चष्मा हेल्मेटसोबत गाडीतच राहिला होता, त्यामुळे त्यांना ते लपवताही आलं नाही.

पुढची काही वर्षं दोघं सोबतच जायचे. शाळेला सुटी लागली की सर पाट, पान्हे, जादा पट्ट्या बांधून तयार. परत आल्यावर फळी काढून अंगणात उलटी ठेवायची आणि खालच्या रबरावरचे ओरखडे पाहायचे, हा त्यांचा छंद झाला. कुठला ओरखडा ब्रेक जोरात दाबल्यामुळे आणि कुठला उंचवट्यावर चढल्यामुळे, हे इतिहासाचा माणूस ताम्रपट वाचावा तसं वाचायचा. मॅडम बाजूला बसून चुकलं तिथे दुरुस्त करायच्या. नव्या फळीसाठी माझ्याकडे दोघंही यायचे आणि शीटवर आता सर उभे राहायचे, कारण मॅडमचं म्हणणं होतं की त्यांचं वजन वाढलं आहे, त्याचा काहीतरी उपयोग झाला पाहिजे.

ट्रॅकजवळ गाड्या तयार करणारं एक छोटं वर्कशॉप होतं. त्याच्या मालकाने मॅडमना येऊन राहायचं विचारलं. गाड्यांच्या तोंडाचं आणि पाठीचं काम पाहायचं, आणि नव्याने चालवायला येणाऱ्या बायकांना शिकवायचं. सर तोवर निवृत्त झाले होते. शहापुरात सगळ्यांनी समजावलं, या वयात कुठे परक्या मुलखात जाता, भाषा येत नाही, आपलं माणूस नाही. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "वळण सगळ्या भाषेत वळणच असते."

निघाले त्या सकाळी मी दुकान उघडायच्या आधीच रस्त्यावर गेलो होतो. पटले शेठचा ट्रक भंडाऱ्याकडच्या बाजूला उभा. पुढे तांदळाची पोती, मागे गाडी, गाडीच्या भोवती संसार, भांडी, पुस्तकांच्या पेट्या, वर ताडपत्री. रेल्वेचं तिकीट काढून देतो म्हटलं तरी मॅडम ऐकेनात. गाडी जाईल तिथून जाणार. सर आधीच केबिनमध्ये मधोमध बसले होते, मांडीवर डब्याची पिशवी.

"येतो भाऊ," मॅडम म्हणाल्या. आमच्याकडे जाताना जातो म्हणत नाहीत. त्यांनी पायरीवर बूट ठेवला आणि एका झटक्यात वर चढल्या.

नागपूरकडे वळायला ट्रकला थोडं पुढे जाऊन दुभाजकाच्या तुटक्या जागेतून फिरून यावं लागतं. म्हणून मी रस्त्याच्या कडेला थांबून राहिलो, समोरून येतील तेव्हा हात करावा म्हणून. ट्रक पुढे गेला, हळू झाला, दुभाजकापाशी आडवा झाला. तिथून केबिनच्या आतलं दिसत होतं. मॅडमचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या सरांच्या पलीकडे वाकून ड्रायव्हरला काहीतरी सांगत होत्या, आणि हवेत हाताने एक मोठं, गोल, सावकाश वळण काढून दाखवत होत्या. ड्रायव्हर मान हलवत होता. सर मध्ये डोकं मागे घेऊन त्यांच्या हाताला जागा करून देत होते.

मग ट्रक वळला. तांदूळ, गाडी, भांडी, पुस्तकं, दोन म्हातारी होत चाललेली माणसं, सगळं घेऊन तो जड ट्रक असा वळला की वरच्या ताडपत्रीचं टोकसुद्धा हललं नाही.